एक्केचाळीस नावांची पाटी

ब्राँझ साडेनऊशे अंशांच्या आसपास वितळतं.

शाळेचा फॉर्म, कलम सहा: पालकांच्या रेसिडंट कार्डाची प्रत जोडा. मुदत संपत आली असल्यास नवीन कार्डाची.

हजेरीपटात जालिंदर, मग तानाजी, मग दत्ता. आडनाव कुणी विचारत नसे.

कपडे वाळत घालायची दोरी. लांबी माहीत नाही.

मिल्स फोर्क, लोकसंख्या नऊशे. १९०८ साली जास्त होती.

गुरुवारी सकाळी साडेदहाला आखातातल्या बौशरच्या वर्कशॉपमध्ये तानाजी ब्राँझच्या पाटीचा शेवटचा फोटो काढत होता. संध्याकाळी ती खोक्यात बंद होऊन अमेरिकेला जायची होती. तिकडे रस्त्याच्या कडेला अशा पाट्या असतात: इथे पहिली गिरणी होती, इथे पूल वाहून गेला. सात वर्षांत तानाजीने अडीचशे गावांच्या पाट्यांची मांडणी केली होती. अमेरिका पाहिली नव्हती.

फोटोला मथळा हवा म्हणून त्याने मिल्स फोर्कच्या मिसेस हॉलंडचा जुना मेल उघडला. खालचा परिच्छेद त्याने पूर्वी वाचलाच नव्हता. १९०८च्या पुरात गेलेल्यांची नावं घराघराप्रमाणे दिली आहेत, असं त्यात होतं. नोरा ब्रँटने कपड्यांच्या दोरीने तिन्ही मुलांना स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं होतं. चौघं तशीच सापडली. कृपया त्यांना एकत्र ठेवावं.

तानाजीने पाटीकडे पाहिलं. आल्बर्ट ब्रँट पहिल्या उभ्या रांगेत सगळ्यात वर. फ्रीडा त्याच रांगेत, बरीच खाली. नोरा मधल्या रांगेत. विली तिसऱ्या रांगेच्या तळाला.

मंजुरी मिळालेल्या नमुन्यात चौघं एकाखाली एक होती. नंतर पाटीची उंची कमी झाली, दोन रांगांच्या तीन कराव्या लागल्या. पुन्हा टाइप करताना नावं अस्ताव्यस्त वाटली, म्हणून त्याने ती नीट लावली. हजेरीपटासारखी, पहिल्या नावाने. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो स्वतःवर खूश होता.

 त्याने सुपरवायझर प्रतापला बोलावलं.

प्रतापने मेल वाचला, पाटी वाचली, मग दार लावून घेतलं.

"नावं सगळी आहेत ना?"

"आहेत. एक्केचाळीस."

"मग खलास. हायवेवरची पाटी आहे, तान्या. गाडी थांबवून कोण हजेरी घेणारे?"

"ती बाई घेईल."

"घेऊ दे. तोवर तुझ्या कार्डाचं रिन्यूअल झालेलं असेल. कागद आज अर्बाबच्या टेबलावर आहे. आजच जाणारेस का त्याच्यासमोर?"

अर्बाब म्हणजे मालक. कागद त्याच्या सहीविना परतला तर बायको प्रमिला आणि मुलगी सावनीचा व्हिसाही संपणार होता. नववीचं वर्ष मध्येच.

जेवणाच्या सुट्टीत त्याने अल अमेरातला घरी फोन लावला. सावनी शाळेतून आली होती. फॉर्मचं विचारत होती. "बाबा, शुक्र-शनि सुट्टी, संडेला द्यायचाच आहे. टीचर दोनदा बोलली." त्याने हो म्हटलं आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

प्रमिलाने सगळं ऐकून घेतलं. मागे बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला.

"धाकटा केवढा होता?"

"लिहिलेलं नाही."

 प्रमिला म्हणाली, "मला विचारताय म्हणजे तुमचं ठरलंय. जेवलात का?"

तो जेवला नव्हता. डबा तसाच बंद करून त्याने मेलचा कागद छापला. अर्बाबच्या केबिनपर्यंत सतरा पावलं होती. मध्ये दोनदा थांबला. टेबलावर नूतनीकरणाचा कागद होता, त्यावर काचेचा पेपरवेट. तानाजीने आपला कागद शेजारी ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं. गलती मेरी है, हे त्याने आधी सांगितलं, कारण नंतर जमलं नसतं.

अर्बाबने चष्मा लावला. सावकाश वाचलं. बोट दोरीच्या ओळीवर थांबलं.

"कितने बच्चे?"

"तीन."

"तुम्हारा?"

"एक लडकी."

अर्बाबने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात खोकं उघडं होतं आणि ओतकाम करणारा साकिब त्यात भुसा भरत होता.

"साकिब को बोलो, भट्टी लगाए," अर्बाब म्हणाला. मग पेपरवेट उचलून मिसेस हॉलंडच्या मेलवर ठेवला. दुसरा कागद सहीविना खणात गेला.

खोक्यात भरायला अंगणात आणलेली पाटी खाली उतरवायला तिघे लागले. चौथा हात तानाजीने लावला. ब्राँझ उन्हाने तापलं होतं, तरी त्याने पकड बदलली नाही.

प्रमिला आणि सावनी मे महिन्यात मुंबईला परतल्या. विमानात दोघींच्या जागा शेजारीशेजारी होत्या, चौदा ए आणि चौदा बी.