पुसलेली गल्ली

टेलरबाईंनी शहराचा छापील नकाशा साहेबांच्या टेबलावर पसरला आणि मधल्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

"हे माझं घर."

"इथं काही नाहीये," नकाशा-कचेरीतले साहेब म्हणाले.

"तेच विचारतेय. आमची गल्ली गेली कुठं?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "शेजारी दारूगोळ्याचं कोठार आहे ना. गुप्त. म्हणून आजूबाजूचं सगळं पुसलंय."

"गुप्त? बसथांब्याचं नावच 'कोठार नाका' आहे. कंडक्टर गळा फाडून ओरडतो."

"तो दुसऱ्या खात्याचा विषय."

बाईंनी राग गिळला. मागच्या महिन्यात सासऱ्यांचा श्वास अडकला, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स हाच नकाशा बघत आली आणि कोठाराच्या भिंतीपलीकडे घिरट्या घालत बसली. भोंगा अगदी कानाशी, गाडीचा मात्र पत्ता नाही. शेवटी शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून हमरस्त्यावर नेलं, म्हणून निभावलं. दर वेळी थोडंच निभावतं?

"निदान अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना तरी खरा नकाशा द्या."

"आणि शत्रूच्या हाती लागला म्हणजे?"

"शत्रूला काय माझ्याकडून पँट आखूड करून घ्यायचीय?"

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकून लपवलं. म्हणाले, अर्ज करा. आधी आमचा माणूस येऊन तिथं घर आहे की नाही ते बघून जाईल.

तो माणूस आला. म्हणजे, निघाला. भर दुपारी बाई काजं करत बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"कचेरीतून बोलतोय. तुमची गल्लीच सापडेना."

"नकाशा नाही का जवळ?"

"आहे की. पण इथं नुसतं पांढरं आहे."

"मग खरा आणायचा."

"तो कचेरीबाहेर काढता येत नाही, बाई."

भिंतीपलीकडे जीपचा हॉर्न वाजला. तोच फोनमध्येही वाजला. आतून सासऱ्यांनी धापा टाकत विचारलं, "सूनबाई, आली का गं गाडी?"

"आली, मामंजी. त्याच भिंतीपलीकडे."

"बाई, ऊन मी म्हणतंय," फोनवरचा माणूस कळवळला. "कुठून वळू तेवढं सांगा."

बाईंनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली.

"सांगते ना. आधी आत्ता कुठं उभे आहात ते अहवालात लिहा. मागच्या वेळी अ‍ॅम्ब्युलन्स तिथंच उभी होती."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.

"लिहून झालं की हॉर्न वाजवा," बाई म्हणाल्या. "इथं स्वच्छ ऐकू येतो."