दिवसाआड पाणी

फुप्फुसाभोवती पाणी झालंय म्हटल्यावर अकबरभाईंनी काय करावं? पाणी पिणंच सोडलं! चाळीस वर्षं सदाशिव पेठेत पुस्तकं बांधली या माणसानं, पण अक्कल ही अशी. बिलकिसनं कपाळाला हात लावला. "अहो, प्यायलेलं पाणी तिकडे जात नाही. कॅन्सरमुळे साचतंय ते."

दोनदा सुई घालून काढलं, दोनदा पुन्हा भरलं. महिनाभर अकबरभाई आडवे झाले नव्हते. पडलं की जीव घाबरायचा, म्हणून खुर्चीत बसूनच डुलक्या. यांना एकदा पाठ टेकून झोपता यावं, एवढंच बिलकिसचं मागणं होतं.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. भरेल तेव्हा सुईनं काढत राहायचं. नाहीतर अॅडमिट होऊन, पाणी काढून, आत पावडर सोडायची. फुप्फुसाचं आवरण छातीच्या अस्तराला चिकटलं की पाण्याला जागाच उरत नाही. किंवा छातीत बारीक नळी ठेवायची आणि घरीच बाटली लावून पाणी काढायचं.

"चिकटवा," अकबरभाई म्हणाले. "बायकोला असली कामं लावायची नाहीत मला."

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. "पाणी काढूनही फुप्फुस पूर्ण फुललेलं नाही. फट राहतेय."

अकबरभाईंनी फोटोतल्या फटीवर बोट ठेवलं. "बरोबर आहे. पुठ्ठा कागदाला टेकला नाही, तर खळ धरणार कशी?"

"नळीनं आयुष्य वाढेल?" बिलकिसनं विचारलं.

"नाही. धाप कमी होईल."

तिला रडू फुटलं. डोळे पुसत ती म्हणाली, "मग नळीच घाला. मी करीन सगळं."

नळी बसली. पहिल्यांदा शिकवायला नर्स श्रद्धा कर्वेनगरला त्यांच्या घरी आली. बिलकिसनं साबणानं हात धुतले, बाटली जोडली, चिमटा सोडला. पिवळसर पाणी उतरायला लागलं.

"जन्मभर माझं पाणी जोखलंस," अकबरभाई म्हणाले, "आता मोजून घे."

"गप्प बसा हो तुम्ही!"

अर्धा लिटर निघालं. अकबरभाई बिचकत बिचकत पलंगावर कलंडले आणि त्यांनी पाठ टेकली. धाप लागली नाही. बिलकिसच्या जिवात जीव आला.

"आता परत उद्या?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"उद्या नाही, दिवसाआड," श्रद्धा म्हणाली.

"उन्हाळ्यातल्या नळासारखं! म्हणजे परवापर्यंत तरी राहायला हवं मला."

"परवापर्यंत काय?" बिलकिस त्यांच्यावर खेकसली. "दहा बाटल्या आणल्यात. एकही फुकट जाऊ देणार नाही."