सहा खुर्च्यांचा आवाज

"बसणारे किती जण?" ब्रॉन्विनने विचारलं.

क्लेम पास्कोचं घोडं नेमकं इथे अडलं. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. कदीना गावच्या मुख्य रस्त्यावरच्या टीव्हीच्या दुकानात तो सकाळी दार उघडायच्या आधीच येऊन उभा होता. खिशातल्या वहीत खोलीची लांबी-रुंदी होती, जुन्या पाचही स्पीकरांच्या पाठीवर काय लिहिलंय ते होतं, टीव्हीच्या मागे कुठल्या वायरी लागतात ते होतं. सगळ्यांत खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, सहाशे डॉलर, वर एक सेंट नाही. इतका अभ्यास करून आलेलं गिऱ्हाईक ब्रॉन्विनने काऊंटरमागच्या बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. पण बसणारे किती, हे वहीत नव्हतं.

"सहा," क्लेम म्हणाला. मग उगाच पुस्ती जोडली, "ग्रँड फायनलला. दरवर्षी असतात."

हे अगदी खोटं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, अंतिम सामना असतो आणि त्या दुपारी वॉलरू गावातल्या पास्कोंच्या घरात माणसं जमायची, ती बावीस वर्षं. शेजारची ग्लेनिस, डग आणि त्याची बायको मर्ल, मासेमारीच्या होडीवरचे ट्रेव्हर आणि बॅझ, आणि स्वतः क्लेम. प्रत्येकजण हातात काहीतरी खायचं घेऊन यायचा, मागच्या दाराने शिरायचा आणि आपापल्या खुर्चीत बसायचा. या-बसा कुणी म्हटलं नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटली नाही. गेल्या वर्षी मात्र कुणी आलं नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस क्लेमची बायको नोला गेली होती, महिनासुद्धा उलटला नव्हता, आणि असल्या घरी दंगा करायला कोण येणार? क्लेमला ते पटलं होतं. आता वर्ष होऊन गेलं. आता येतील.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने वर्षभर झाकून ठेवलेला रिसीव्हर चालू करून पाहिला. रिसीव्हर म्हणजे ते काळं खोकं, जे टीव्हीचा आवाज घेतं आणि खोलीभर मांडलेल्या स्पीकरांना वाटून देतं. खोक्याने एक लाल दिवा दाखवला, जळक्या रबराचा वास सोडला आणि मान टाकली. क्लेमच्या मते ती माणसं ज्या गोष्टींसाठी यायची त्यातली अर्धी त्या खोक्यात होती. बाकीची अर्धी नोलाच्या पेस्टींमध्ये, मांस-बटाटा भरलेल्या त्या मोठ्या करंज्यांमध्ये होती, आणि तिचं तर काही करता येण्यासारखं नव्हतं.

ब्रॉन्विनने आधी सरळ मार्ग सुचवला. टीव्हीच्या खाली ठेवायची एक लांब पट्टी मिळते, एकच वायर, निम्मी किंमत, डोक्याला ताप नाही.

"पट्टी समोरून ओरडते," क्लेम म्हणाला. "गोल झाला की गर्दी मागून उठली पाहिजे. आमचा बॅझ दचकून बिअर सांडतो. ते पाहिजे."

मग तिने दोन खोकी काऊंटरवर आणून ठेवली. दोन्ही सहाशेच्या आतली. पहिलं दणकट, ताकद जास्त, पण खोलीतला आवाज एकाच जागेवरून मोजून घेणारं. त्या एका खुर्चीत बसणारा राजा, बाकीच्यांनी मिळेल ते ऐकावं. दुसरं ताकदीला कमी, पण त्याच्याबरोबर एक छोटा माईक यायचा. तो एकेक करून सहा जागांवर ठेवायचा, खोकं प्रत्येक जागेवरून आवाज ऐकून बघायचं, आणि मग सगळ्यांचं जमेल असा सुवर्णमध्य काढायचं.

"खरं सांगू?" ब्रॉन्विन म्हणाली. "एरवी तुम्ही एकटेच बघत असाल, तर पहिलं घ्या. दुसऱ्यात सगळ्यांना थोडं थोडं मिळतं. कुणालाच पूर्ण मिळत नाही."

क्लेमने दोन्ही खोक्यांवरून हात फिरवला. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्या खोलीत एकच माणूस बसायचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रात्री बातम्या संपल्या की तो टीव्हीला शुभ रात्री म्हणायचा आणि आपण असं म्हणालो याची त्याला लाज वाटायची. शहाण्या माणसाने पहिलं खोकं घेतलं असतं.

"दुसरं," तो म्हणाला.

बुधवारी त्याने खोली लावायला काढली. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, सोफा, ग्लेनिसच्या कंबरेला चालणारी ती ताठ पाठीची खुर्ची, सगळं बावीस वर्षं असायचं तसं. मग वायरी. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने कपाटामागे पालथं पडून लाल-काळ्या वायरी ओळखायच्या म्हणजे चेष्टा नाही. दोन वेळा त्याने मनातल्या मनात नोलाला टॉर्च धरायला सांगितलं. दुपारपर्यंत काम झालं, आणि टीव्हीच्या पडद्यावर सूचना आली की माईक पहिल्या जागेवर कानाच्या उंचीला ठेवा, खोलीत शांतता राखा, आणि शक्यतो बाहेर जा.

माईकबरोबर पुठ्ठ्याचा एक उभा खांब आला होता. क्लेमने तो आधी आपल्या खुर्चीत ठेवला आणि बोळात जाऊन उभा राहिला. आत एकेका स्पीकरमधून चिमण्या चिवचिवाव्यात तसे आवाज निघू लागले. मग ग्लेनिसची खुर्ची. तिथे त्याने खांब चार बोटं खाली केला, कारण ग्लेनिस ठेंगणी. मग सोफ्यावर डग, शेजारी मर्ल. ट्रेव्हर पुढे वाकून बसतो म्हणून त्याचा माईक पुढे सरकवला. शेवटी बॅझ. दर वेळी क्लेम बोळात जाऊन श्वास रोखून उभा राहायचा. शांतता राखा म्हणे! या घरात दुसरं होतं तरी काय? पण त्या दुपारी त्याला बरं वाटलं हे खरं. आत कुणीतरी आपापल्या जागी बसलंय आणि आपण चहा ठेवायला बाहेर आलोय, असं वाटलं. पडद्यावर आलं, सहा जागा मोजून झाल्या. क्लेमने एकट्यानेच टाळी वाजवली.

गुरुवारी आणि शुक्रवारी तो वाट बघत राहिला नाही, कारण वाट बघायचा त्याचा स्वभावच नव्हता. एकतीस वर्षं तो वॉलरूच्या धान्यकोठारांवरच्या वजनकाट्यावर होता. सुगीत पहाटेपासून गव्हाच्या आणि जवाच्या ट्रकांची रांग लागायची, पार रेल्वेच्या फाटकापर्यंत. त्याने कधी एकाही ट्रकला या म्हणून सांगितलं नाही. तो आपल्या खिडकीत बसायचा आणि ट्रक यायचे. माणसंही तशीच येतात, असा त्याचा साधा हिशोब होता. गुरुवारी किराणा दुकानात डग समोरून आला तेव्हासुद्धा दोघं पावसापाण्याचं बोलले, जवाच्या भावाचं बोलले. शनिवारचा विषय दोघांनीही काढला नाही. क्लेमला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सूर्य उद्या उगवणार का, असं कुणी विचारतं का?

शनिवारी त्याने बेकरीतून बारा पेस्टी आणल्या, ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवल्या आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली. एक वाजला, दीड वाजला. पावणेदोनला त्याने दार नीट उघडतं का ते बघितलं. मग राष्ट्रगीत झालं, चेंडू उडाला आणि एक लाख माणसं एकदम ओरडली. आवाज असा होता की क्लेमचे डोळे भरून आले. डाव्या हाताला कुणीतरी शीळ घातली, सोफ्याच्या मागे टाळ्या पडल्या, उजव्या कोपऱ्यातून म्हाताऱ्या माणसाचा खोकलासुद्धा ऐकू आला. सहाही खुर्च्यांना सारखं माप मिळालं होतं. फक्त खुर्च्या रिकाम्या होत्या.

चारांतला पहिला क्वार्टर अर्धा झाला आणि मागचं दार उघडलं. ग्लेनिस आत आली. हातात फॉइल लावलेलं ताट, ओठांवर लाल रंग, आणि चेहरा चांगलाच फुगलेला.

"घरात जत्रा भरलीय ती रस्त्यावरून ऐकू येतेय," ती म्हणाली. "सगळ्या जगाला बोलावलंस आणि कुंपणाला कुंपण लागून राहणारी मी तेवढी नको झाले होय रे तुला?"

क्लेम बाजूला झाला. ती तरातरा खोलीत शिरली आणि थांबली. सोफ्यामागून गर्दी ओरडत होती. तिने सगळ्या खुर्च्या बघितल्या, आपली ताठ पाठीची सुद्धा. मग हळूच ताट टेबलावर ठेवलं.

"कुठे आहेत सगळे?"

"येतील. पहिलाच क्वार्टर आहे अजून."

"क्लेम, म्हणजे ते सगळे ठरल्याप्रमाणे बोलिंग क्लबातच सामना बघतायत. मीही तिकडेच निघाले होते, तुझ्याकडचा आवाज ऐकून वाटलं, बेत बदलला."

"क्लबात कशाला? दरवर्षी इथे असता ना?"

"तू बोलावलं नाहीस."

आता क्लेमला खरंच राग आला. "मी कधी बोलावलं होतं? बावीस वर्षांत एकदा तरी कुणाला या म्हटलंय मी?"

"तू नाही," ग्लेनिस म्हणाली. "नोला बोलवायची."

मग ते सगळं बाहेर आलं. सामन्याआधीच्या मंगळवारी क्लेम धक्क्यावर स्क्विड पकडायला गेला, आणि त्याआधीच्या वर्षांत काट्यावर गेला, की नोला फोन घेऊन बसायची. ग्लेनिस, तू सॉसेज रोल आण. मर्ल, तुझा तो लिंबाचा केक, पण साखर जरा हात राखून. ट्रेव्हर आणि बॅझ मध्यंतरी एका होडीवरून दोन वर्षं बोलत नव्हते, तेव्हा तिने दोघांनाही दुसरा येणार नाही म्हणून सांगितलं आणि दोघांनाही आणलं. जो हो-नाही करायचा त्याला गुरुवारी परत फोन. क्लेमला कुणी सांगायचं नाही, हीही तिचीच ताकीद. माणसं आपणहून येतात असं त्याला वाटतं, आणि ते वाटण्याने तो वर्षभर खुशीत असतो, असं ती म्हणायची.

"गेल्या वर्षी त्या मंगळवारी मी फोनपाशी बसून होते," ग्लेनिस म्हणाली. "ती गेलीय हे माहीत होतं. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी तुमच्या घरी मीच तर कॉफी करत होते. तरी बसले, वेड्यासारखी. या वर्षीही बसले. मग डग म्हणाला, क्लेमला एकटं राहायचं असेल, आपण कशाला त्याच्या दारात जायचं."

"मला काय एकटं राहायचं असणार," क्लेम म्हणाला. एवढंच बोलला, आणि त्याने लगेच खाली वाकून रिमोट शोधायचं निमित्त केलं.

ग्लेनिसने त्याला क्लबात चल म्हणून खूप आग्रह केला. डगच्या शेजारी खुर्ची लावते म्हणाली, पेस्टीही बरोबर घेऊ म्हणाली. तू हो पुढे, हा क्वार्टर संपू दे, मग बघतो, असं तो म्हणाला. मग तिने ताटावरचं फॉइल उचललं, सहा सॉसेज रोल काढून टेबलावर ठेवले, आणि मागच्या दाराने निघून गेली.

क्लेम आपल्या खुर्चीत बसला. सामना रंगात आला होता, आवाज उत्तम होता, आणि त्याचं कशातच लक्ष नव्हतं. तो खुर्च्या मोजत होता. आपण, ग्लेनिस, डग, मर्ल, ट्रेव्हर, बॅझ. सहा. बुधवारी माईक फिरवताना सहाच भरल्या आणि त्याला काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. मग नोला कुठे बसायची?

त्याला आठवेना. बावीस सामने त्याला क्वार्टर-क्वार्टरने आठवत होते, कुणी गोल चुकवला तेही, पण आपली बायको कुठल्या खुर्चीत बसायची ते काही केल्या आठवेना. तो घाबरला. बसायची नाहीच, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. ती स्वयंपाकघराच्या दाराला खांदा टेकून उभी असायची, हातात भांडी पुसायचा टॉवेल. तूही बस की, असं आपण म्हटल्याचं त्याला आठवून बघावंसं वाटलं, आणि तेही आठवेना.

तो उठला आणि त्या दाराशी जाऊन उभा राहिला, खांदा चौकटीला टेकवून. तिथे आवाजाची पार खिचडी झाली होती. मागचे स्पीकर पाठ करून होते, समालोचकाचा एक शब्द धड कळत नव्हता. त्या जागेबद्दल खोक्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. समोर कपाटाची कड आडवी येत होती, त्यामुळे टीव्हीचा चार बोटांचा हिरवा तुकडा काय तो दिसत होता. सामना इथून बघताच येत नव्हता. गर्दी परत एकदा ओरडली, गोल कुणाचा झाला ते क्लेमला कळलं नाही.

तो तसाच उभा राहिला. सहाही खुर्च्या मात्र तिथून अगदी नीट दिसत होत्या.