मांजराच्या कानावरची साखर

स्पर्शबाबांनी आमच्या मांजराचा कान दोन बोटांत धरून चोळला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी सोफ्याच्या हातांवरही बसल्या होत्या. बाबांनी कानाच्या कडेला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. साखर चारशे बारा! मग ‘भारलेल्या’ पाण्याने कान पुसून पुन्हा टोचलं. एकशे अठरा.

“पेशीपेशीतली साखर लहरींनी पळाली!” बाबा गरजले. “आता इन्सुलिन बंद. आणि घरी मोजायचं नाही. शंका घेतली की साखर परत येते.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. वर्षभर त्या दोन्ही वेळा मांजराला इन्सुलिन टोचत होत्या आणि स्वतःच कळवळत होत्या. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पण तोंड उघडलं, तर सगळ्या खोलीने मला गप्प केलं.

आठ दिवसांत मांजर खंगलं. वाटीमागून वाटी पाणी प्यायचं, खुर्चीवरही चढेना. मी ग्लुकोमीटर काढला, तो सासूबाईंनी हिसकावून कपाटात ठेवला.

“अगं, मला दिसत नाही का?” त्या कुजबुजल्या. “पण साखर वाढलेली निघाली, तर म्हणतील, आपल्याच शंकेने वाढली. अख्खी इमारत आपल्या मांजराचा दाखला देते. आता मी कुठल्या तोंडाने मागे फिरू?”

बाबा पुन्हा आले. खोली पुन्हा भरली. मी हात पुढे केला. “बाबा, आधी माझं बोट चोळा.”

ते घुटमळले, पण सगळे बघत होते. चोळलं. त्यांच्याच यंत्रावर मोजलं: तीनशे नव्वद.

“अगंबाई, हिलाही मधुमेह!” एक शेजारीण ओरडली.

मी साबणाने हात धुतले, कोरडे केले, तेच बोट पुन्हा टोचलं. ब्याण्णव.

“पाहिलंत? स्पर्शाने गेली!” बाबा म्हणाले.

“नळाने गेली. मागच्या वेळी तुम्ही उठलात, तेव्हा खुर्चीच्या हाताला मुंग्या लागल्या होत्या. बोटांना साखरेचा पाक लावता. तो थेंबात मिसळला की आकडा चढतो, पुसला की खरा दिसतो. आणि मांजराचा खरा आकडा त्या दिवशी बरा होता, तो सकाळच्या इन्सुलिनमुळे!”

सासूबाई उठल्या. कपाटातून मीटर काढला, मांजराचा कान पुसून कोरडा केला आणि टोचलं. आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली होती.

“माझ्यामुळे,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “मी घाबरून मोजलं नाही.”

बाबा दाराकडे सरकले. पण आता त्यांना कुणी वाट देईना.

मांजर तीन दिवस जनावरांच्या डॉक्टरांकडे सलाइनवर होतं. थोडक्यात वाचलं.

यंत्र चुकतं, डॉक्टरही चुकतात. पण ते पुन्हा तपासू देतात. जो ‘मोजू नका’ म्हणतो, त्याच्यादेखतच मोजा.