धाकट्याने पाठवलेला कप

"हे तान्ह्या पोराचं आहे," बाबा म्हणाले आणि तोटीचा प्लास्टिकचा पेला बोटाने ढकलत ढकलत त्यांनी टेबलाच्या कडेपर्यंत नेला. पेला खाली पडला आणि दोन उड्या मारून कपाटाखाली गेला. "बघ, फुटतसुद्धा नाही. असल्या वस्तूला काय अर्थ आहे?"

मुलीने वाकून पेला काढला. बाबांचा वाढदिवस होता आणि ही तिची भेट होती. बाबांचे हात हल्ली थरथरायचे. कप ओठांपर्यंत जाईतो निम्मा चहा सदऱ्यावर सांडायचा. दुसऱ्याच्या हातून पिणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून त्यांनी पिणंच कमी करून टाकलं होतं. पोटात पाणी गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि डॉक्टर गेल्यावर त्यांच्या बुटांना नावं ठेवली.

नावं ठेवणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता. कपबशांच्या कारखान्यात ते उभा जन्म तपासनीस होते. भट्टीतून आलेला कप तळहातावर पालथा घ्यायचा, नखाने टिचकी मारायची आणि आवाज बद्द आला की तिथल्या तिथे पिंपात आपटून फोडायचा. कप करणारा समोर उभा असला तर जरा जास्तच जोरात. लोक त्यांना टिचकीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. ही टिचकी घरीही सुटली नाही. मुलीने पहिल्या पगारातून स्वेटर आणला, तर त्यांनी तो उलटा करून शिवण पाहिली. रेडिओ आणला तो खरखरला, खुर्ची आणली ती डुगडुगली. आई होती तोवर म्हणायची, "अहो, पोरीचं मन तरी बघा." पण मन काही पालथं करून बघता येत नाही, तेव्हा विषय तिथेच संपायचा.

तिच्या धाकट्या भावाची गोष्टच वेगळी. तो परदेशात होता आणि लहर लागली की फोन करायचा. एकदा त्याने टाय पाठवला होता. बाबांनी जन्मात टाय बांधला नव्हता, पण तो खोक्यासकट कपाटात जपून ठेवला होता आणि आल्यागेल्याला दाखवला जायचा.

मुलगी त्याच कारखान्यात कपांना कान लावायची. तिथे तिला सगळे कानवाली म्हणायचे. पेला कपाटाखाली गेला त्या दिवशी तिने ठरवलं की आता बाजारातलं काही नको. झोपेत बाबांच्या हातांची थरथर थांबायची. एका रविवारी दुपारी तिने ओल्या मातीचा गोळा त्यांच्या मुठीत अलगद ठेवला, बोटं त्यावर दाबली आणि ठसा घेऊन ओल्या फडक्याने हात पुसून टाकला. त्या ठशावरून तिने कान घडवला. चारही बोटं आत मावतील, वर अंगठा टेकेल असा. कपाचं बूड जड ठेवलं आणि काठ किंचित आत वळवला. जेवणाची सुट्टी ती त्यातच घालवायची.

"एवढं कोणासाठी गं?" भट्टीवाल्या काकांनी विचारलं.

"बाबांसाठी."

"टिचकीसाहेबांसाठी? मग दोन कर. एक त्यांना फोडायला."

पहिला भट्टीतच तडकला, तेव्हा काकांचं म्हणणं तसं खरं झालं. दुसरा मात्र नीट भाजून निघाला. तिने कोणी बघत नाहीसं पाहून स्वतःच टिचकी मारली. आवाज खणखणीत आला आणि ती लहान मुलीसारखी हसली.

कप घरी नेला त्या दिवशी बाबांनी सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. ओठ सुकले होते. तिने कप पुढे धरला, तो पालथा करायला त्यांचा हात पुढे आला. तिचा म्हटल्यावर ते काय म्हणणार हे ठरलेलं होतं. अपमान तिने गिळला असता, पण मग हा माणूस पिणार कशातून?

"धाकट्याने पाठवलाय," ती म्हणाली. इतकं सहज खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

बाबांनी कान बराच वेळ चाचपला. मग टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकलं.

"पास," ते म्हणाले.

ते कपभर चहा प्यायले आणि थेंबही सांडला नाही. रिकामा कप त्यांनी खाली ठेवलाच नाही, मांडीवर धरून बसले. "बघ. पोरगा तिकडे बसलाय, पण बापाचा हात कसा चालतो हे त्याला कळतं. तू रोज समोर असतेस, तुला कळलं नाही." मुलगी आत गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. बाबा प्यायले याचा आनंदही त्यात होता, नाही असं नाही.

मग धाकट्याने पुष्कळ काही पाठवलं. टिचबटणांचा सदरा, जाड मुठीचा चमचा, चढवायला सोपा इलॅस्टिकचा पायजमा. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. "बरं झालं की ताई," तो म्हणाला, "मला कुठे वेळ असतो?" आणि बाबांनी कौतुक केलं तेव्हा त्यांना म्हणाला, "अहो बाबा, त्यात काय एवढं."

एका संध्याकाळी शेजारच्या काकू बसायला आल्या होत्या. बाबांनी त्यांना कप हातात घेऊन बघायला लावला. "मुलगा असावा तर असा. हिच्या हाताला यशच नाही. हिने मला काय आणलं होतं माहितेय? तान्ह्याचा पेला." काकू हसल्या. मुलगी चहा ओतत होती, तीही हसली, कारण चारचौघांत दुसरं काय करणार. काकू गेल्यावर मात्र तिने दार लावलं आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तो कप मी केलाय. सदरा, चमचा, सगळं माझं आहे."

बाबांनी उरलेला चहा संपवला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कान लावताना तुझा अंगठा खालच्या सांध्यावर डावीकडे दाबला जातो. पहिल्या वर्षापासूनची खोड. किती फोडलेत तुझे मी. हातात घेतला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? तुझा म्हणून घेतला असता, तर पोरीच्या जिवावर जगतोय, एवढंच झालं असतं. त्याने पाठवला म्हटलं की चहा घशाखाली उतरतो. त्याला आपली आठवण आहेसं वाटतं. तेवढं मोडू नकोस."

"आणि मी?"

"तुझं काय? तू तर आहेसच."

ते रागाने म्हणाले असते तर तिला सोसलं असतं. पण ते साधेपणाने बोलले होते, उद्या सुट्टी आहे म्हणावं तसं.

"निदान एकदा मला म्हणा. पास म्हणून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याचा फोन येऊ दे. त्याला म्हणेन."

कप तिच्या हाताशीच होता आणि पिंपात कसा आपटायचा हे तिने जन्मभर पाहिलं होतं. पण उद्या सकाळी ते तहानलेले उठणार होते. तिने कप विसळला आणि पुसून पालथा ठेवला.

"त्याला सांग," बाबा आतून म्हणाले, "पाय गार पडतात. चपला नकोत, निसटतात. काहीतरी उबदार, मागून धरणारं पाठव म्हणावं."

ती जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन आली, त्यांच्या पायाशी बसली आणि कागद जमिनीवर पसरला. बाबांनी न सांगता पाय उचलून कागदावर ठेवला. ती पेन्सिल बोटांवरून वळवून टाचेकडे नेऊ लागली.

"नीट काढ," ते म्हणाले. "त्याच्याकडे माप बरोबर गेलं पाहिजे."

"हो बाबा," ती म्हणाली. रेघ पूर्ण झाल्यावर तिने आत "उजवा" असं लिहिलं आणि कागद उलटून त्यांचा डावा पाय हातात घेतला.