ड्रमवर कोण

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात एकच कॅसेट सापडली. वर ना बँडचं नाव, ना वाजवणाऱ्यांची नावं. १९८६ साली कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या कास्तीया वस्तीत चार पोरांनी एका दुपारी वाजवलेली सात गाणी. बोगोताच्या एका माणसाने त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं आणि ड्रमवर कोण होतं, असं विचारलं. मी बाबांचं नाव दिलं, एवेलियो होयोस. ते कुठेतरी छापलेलं राहावं, एवढंच मला हवं होतं. इस्पितळात एकतीस वर्षं फरशा पुसून ते कुठेच उरलं नव्हतं.

शुक्रवारी रेकॉर्डचं वेष्टन छपाईला जाणार होतं. बुधवारी मी कॅसेट रुबिएलकाकांना ऐकवायला नेली. ते बास वाजवायचे. त्या चौघांतले तेवढेच जिवंत आहेत. तिसऱ्या गाण्यात काहीतरी टरकन फाटलं, तसे ते हसले.

"हा तुझा बाप नव्हे, पोरी. हा हेर्नेय."

ड्रमचं कातडं घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. त्याऐवजी इस्पितळाने टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म ड्रमवर ताणून बसवायचे. त्या बाबा आणायचे.

"एवेलियो कसला फाडतोय," काका म्हणाले. "कुणाची तरी छाती आहे म्हणून जपून मारायचा. भित्रा कुठला."

हेर्नेय मेल्यावर बाबा ड्रमवर बसले. त्यांचं वाजवणं कुणी रेकॉर्ड केलंच नाही.

हेर्नेयची आई, दोन्या फाबियोला, अजून वरच्या पायऱ्यांच्या गल्लीत राहतात. खरं नाव छापायचं तर त्यांना विचारायला हवं होतं. गुरुवारी सकाळी गेले. बाईंनी न विचारता कॉफीत साखर घातली आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या गाण्यांच्या पहिल्या पंधरा कॅसेटींवर पोरांनी आपापली पूर्ण नावं लिहिली होती, मोठ्या हौसेनं. एक गाणं वस्तीत मोटारसायकलवरून माणसं मारत फिरणाऱ्या टोळीवर होतं. एक कॅसेट त्या टोळीच्याच हाती लागली. तेव्हापासून तिथं कुणी कॅसेटवर नाव लिहीत नसे.

"दार मीच उघडलं," बाई म्हणाल्या. "त्यांनी कॅसेटवरचं नाव वाचून दाखवलं. मी म्हटलं, हो, इथंच राहतो."

ती टोळीही आता संपली असेल, असं मी म्हटलं.

"असेल. पण त्याचं नाव नको."

"मग तिथं काय छापू, दोन्या?"

"तुझ्या बापाचं राहू दे. त्याला आता कोण मारणार?"

हेर्नेयलाही आता कोण मारणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी कॉफी संपवली.

निदान ती जागा रिकामी ठेवा, असं बोगोताला कळवायला हवं होतं. सबंध गुरुवार फोन माझ्या हाताशी होता. शुक्रवारी दुपारी त्या माणसाचाच निरोप आला, छपाई सुरू झाली, वडिलांचं नाव सुरेख दिसतंय.

मी उत्तर लिहिलं, आभारी आहे.