दोराची शिडी

पहिला बूट कसाबसा गेला, दुसरा जाईना. सुबोध दारातल्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी तो ओढत होता.

"लेस सगळी काढून बघ," विनीता म्हणाली.

"काढलीच आहे."

"मग पाय सुजलाय. दाखव इकडे." ती खाली बसली आणि तिनं नवऱ्याच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. कणकेत उमटावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "ही सूज गोळ्यांची आहे. त्या पाकिटातल्या कागदावर लिहिलंय सगळं. चक्कर, झोप, पायांना सूज. तू वाचत का नाहीस?"

"इंजिनाची मॅन्युअलं वाचतो तेवढं पुरे."

अशी वेळ मारून नेण्यात सुबोध तळेकर पटाईत होता. पण हल्ली आपल्या विनोदांचं त्याला स्वतःलाच हसू येत नसे.

फेब्रुवारीत त्याला नागीण झाली. फोड सुकले, पण डाव्या बरगडीवरची आग काही गेली नाही. शर्ट टेकला तरी चटका बसे. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. इथे मुंगीचाही पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, वेळ लागेल, आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आग निवाली आणि भलतंच सुरू झालं. उभ्या जन्मात ज्याला बोट लागली नाही, त्याला सिंगापुरातल्या घराजवळच्या, पुंगोलच्या एलआरटी रेल्वेत गरगरू लागलं. गेल्या आठवड्यात ऑफिसातून येताना त्याला त्या छोट्या गाडीत डोळा लागला. ती गाडी त्याच त्या स्टेशनांवरून गोल फिरते. तिच्याबरोबर हाही फिरत राहिला. शेवटी लेकीचा, जाईचा फोन आला. "बाबा, व्हेअर आर यू? डिनर कोल्ड ऑलरेडी लाह!" घरी पोचल्यावर त्यानं ते हसण्यावारी नेलं. जाईही हसली. विनीता तेवढी हसली नाही.

तो एका जहाज कंपनीत सुपरिंटेंडंट होता. कंपनीचं जहाज सिंगापूरबाहेर नांगर टाकून थांबलं, की लाँचनं तिथवर जायचं, दोराच्या शिडीनं वर चढायचं आणि इंजिन तपासायचं. शिडी चढता आली नाही तर हे काम राहत नाही. काम नाही तर इथे राहायचा पास नाही, आणि पास नाही तर पुंगोलचं घरही नाही आणि जाईची शाळाही मध्येच सुटणार. म्हणून चक्कर येण्याबद्दल त्यानं ऑफिसात चकार शब्द काढला नव्हता.

"सकाळची गोळी घेतलीस ना?" विनीतानं विचारलं.

तो पुन्हा बूट ओढू लागला.

"सुबोध."

"कालपासून बंद ठेवल्यात. आज चढायचंय. रात्री परत चालू करतो."

"बंद-चालू करायला तो काय पंप आहे? एकदम सोडायच्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं."

"पंप गळायला लागला की आम्ही तेवढ्यापुरता तो बाजूला काढतो. जहाज थांबवत नाही."

"अरे, पण तू जहाज नाहीस रे." तिच्या आवाजात राग उरलाच नव्हता. "ऑफिसात सांगून टाक. दुसरं काही काम देतील. नाही दिलं तर परत जाऊ. नाशिकचं घर आहेच."

"आणि जाई?"

तिनं बुटातला आतला तळवा उपसून काढला, तेव्हा कुठे पाय आत गेला. मग गोळ्यांची पट्टी तिनं त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली आणि वरून बटण लावलं.

लाँचवर त्याच्याबरोबर सारंग होता, ऑफिसातला नवा सुपरिंटेंडंट. रत्नागिरीचा पोरगेला माणूस, सुबोधच्याच हाताखाली तयार झालेला. लाँच चालवणाऱ्या म्हाताऱ्या मलाय माणसाला सगळे पाकचिक, म्हणजे काका म्हणत. त्यानं सुबोधला वर्षानुवर्षं जहाजांपर्यंत नेऊन पोचवलं होतं.

"सी व्हेरी नाइस टुडे, बॉस," पाकचिक म्हणाला.

समुद्र खरंच शांत होता. पण सुबोधच्या बरगडीवर निखारा ठेवल्यासारखी आग पेटली होती. पाठ घामानं भिजली होती आणि गोळ्या सोडूनही डोकं गरगरतच होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत. समोर नांगरलेल्या जहाजांची रांग त्याला मधूनच कलल्यासारखी वाटे. त्यानं बाकाची कड घट्ट धरली होती. सारंगनं ती धरलेली पाहिली आणि तो दुसरीकडे बघू लागला.

लाँच जहाजाला लागली. वरून शिडी सोडलेलीच होती. नांगरावरच्या जहाजाचा दंडक कडक असतो: माणूस चढला किंवा उतरला की शिडी लगेच वर ओढायची. चोराचिलटांचं भय असतं. दुसरा दंडक सामानाचा. शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून बॅगा आधी दोरीनं वर जातात.

सारंग झपाझप चढून गेला. सुबोधनं दोघांच्या बॅगा दोरीला बांधल्या. बॅगा वर गेल्या. कठड्यावरून खलाशी आणि चीफ इंजिनिअर खाली बघत होते.

लाटेनं लाँच पुरती उचलली की त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. उशीर झाला तर लाँच खाली जाते आणि पुढच्या लाटेला वर येऊन पाय चेचते. सुबोधनं दोर धरले. लाँच उचलली गेली. जहाजाची भिंत त्याच्या अंगावर आली, मागे गेली, आणि लाँच खाली गेली. त्याचा पाय जागचा हलला नव्हता.

"नो हरी," मागून पाकचिक म्हणाला.

दुसऱ्यांदा त्यानं पाय उचलला. पायरी एक होती, त्याला दोन दिसल्या. त्यानं पाय मागे घेतला. भीती वाटली, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच शिडीची वाटली. आपण पडलो तर पाकचिकला आपल्याला पाण्यातून ओढून काढावं लागेल आणि संध्याकाळी सारंगला विनीताला फोन करावा लागेल, हे त्याला लख्ख दिसलं. त्यानं दोर सोडले.

"सारंग," त्यानं वर तोंड करून हाक मारली, "मी येत नाहीये."

वरून सारंग ओरडला, "बरोबर आहे, सर! आज हवाच खराब आहे!"

"हवा छान आहे," सुबोध म्हणाला. "मला चढणं जमत नाहीये. गोळ्यांनी चक्कर येते. ऑफिसला मी आत्ताच फोन करून सांगतो."

"सर, बॅग खाली सोडू का?"

"राहू दे. वरच्या कप्प्यात माझा टॉर्च आहे, तुला लागेल. आणि दोन नंबरच्या जनरेटरचं बेअरिंग नीट बघ."

"बघतो, सर."

सुबोध बाकावर येऊन बसला. त्यानं दोन्ही बुटांच्या लेस सोडल्या. शर्टाच्या खिशाचं बटण काढून पट्टी बाहेर काढली आणि पाकचिककडे पाण्याची बाटली मागितली. गोळी गिळून तो फोन हातात घेऊन बसला. आधी ऑफिस, मग विनीता, असं त्यानं ठरवलं, आणि आधी विनीताला लावला.

"सांगतोय मी ऑफिसात," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "जेवायला ये."

पाकचिकनं लाँच वळवली. सुबोधनं मागे वळून पाहिलं. कठड्याजवळची माणसं अजून तिथेच उभी होती. आता शिडी वर जाईल म्हणून तो बघत राहिला. लाँच बरीच लांब गेली, माणसं ठिपक्याएवढी झाली, तरी शिडी कुणी ओढली नव्हती, जणू तो परत येणार होता.